हिंमतराव मास्तरांची असली साय

सोनाळ्याचे हिंमतराव मास्तर भर दुपारी नमाज पढून राह्यले, अशी बातमी रुखमाबाईंनी पिठाच्या गिरणीवर सोडली. दळण संपायच्या आत ती अर्ध्या गावात पोचली. पाहिलं कोणी? रुखमाबाईंच्या भाच्याने, ऑटोतून जाता जाता. "गुडघे टेकले, कपाळ जमिनीले!"

गुडघे टेकले होते, हे खरं. पण मास्तर चष्मा घरी विसरले होते, म्हणून जमिनीला नाक लावून एका काठीची सावली पाहत होते.

मास्तर संग्रामपूरकडच्या एका इस्लामी हायस्कुलात विज्ञान शिकवतात. तिथले धर्मशिक्षक मौलाना जकीउद्दीन. दोघांनी मिळून यंदा नववीला एक जोडतास काढला: सूर्य, सावली आणि नमाजाच्या वेळा. एरवी मुकी बसणारी पोरं त्या तासाला भांडभांडून प्रश्न विचारत. मास्तरांचा सारा जीव त्या तासात.

तर आदल्या दिवशी काय झालं, की असरची, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजाची, वेळ सावलीवरून काढायची होती. सावली काठीच्या दुप्पट झाली की वेळ झाली, एवढं मास्तरांनी ऐकलेलं. त्यांनी खूण केली, सावली खुणेला टेकली, मास्तर ऐटीत म्हणाले, "घ्या, आता अजान!"

शेजारच्या मशिदीतून अजान काही होईना. पोरं फिदीफिदी हसली. तास पाहायला आलेल्या संस्थेच्या सचिवसाहेबांच्या कपाळाला आठ्या. "विज्ञानाची वेळ अलग, दीनची, धर्माची अलग? बच्च्यांच्या डोक्यात घोळ नको. उद्या जुळलं नाही तर हा तास बंद."

मास्तरांचं तोंड उतरलं. मौलानांनी त्यांना बाजूला घेतलं. "मास्तर, असली साया जोडला होता ना?"

"साय? डब्यात आज नुसती भाजी-पोळी हाये, मौलाना."

मौलाना भिंतीला टेकून हसले. साया म्हणजे सावली. ऐन दुपारी काठीची जी सगळ्यात आखूड सावली उरते ती असली साया, आणि दुपटीत ती मिळवायची असते. "कायदा मला पाठ आहे," मौलाना म्हणाले, "पण थंडीत ती लांब का होते, ते पोरांना तुम्हीच सांगा."

म्हणून दुसऱ्या दुपारी ते गुडघे टेकणं. आखूड सावली मोजली, नवी खूण केली, सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडून का जातो ते मास्तरांनी रंगवून सांगितलं. सावली खुणेला पोचली आणि मशिदीतून अजान आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सचिवसाहेबांनी तास बंद करायचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर डबा घेऊन शाळेला निघाले, तर रुखमाबाई आडव्या आल्याच. "काऊन हो मास्तर, त्या शाळेत तुम्हाले असं काय भेटलं? अन् डब्यात काय लपवलं?"

"साय हाये, मौलानांसाठी," हिंमतराव म्हणाले. "घरी चार म्हशी असून असली साय मले त्यांनीच दाखवली, काकू."