खालाचं वजू

पाण्याची एवढी धास्ती घेतलेली आणि तरी एवढं पाणी सांडणारी दुसरी बाई अख्ख्या कल्याणात सापडणार नाही. ती माझ्या समोरच्या खोलीत राहते. सगळी बिल्डिंग तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते म्हणून मीही म्हणते, खरं तर ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. नमाजाआधी हात, तोंड, कोपरापर्यंत हात, मग पाय धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा, त्याला ते लोक वजू म्हणतात. धुवायचं ते तीन-तीनदा. तीनदा म्हणजे तीनदा, पण खालाला तीन हा आकडा कधी पुरला नाही. तिसऱ्यांदा पाणी घातलं की तिला वाटतं, पहिल्यांदा घातलं ते नीट लागलंच नसेल. मग चौथ्यांदा, पाचव्यांदा. तेवढ्यात नळ जातो आणि ती मोरीतून हाक मारते, "बाय, तुझ्याकडं बादलीभर आहे काय गो?" मी खडवलीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि माझा धर्म देवापुढं दिवा लावण्यापुरता, पण गेली तीस वर्षं या बाईच्या वजूला पाणी मी पुरवते आणि तपासायचेही मीच.

तिचे यजमान, म्हणजे चाचा, कोलशेतला कंपनीत होते. त्यांचं वजू एका तोटीच्या लोट्यात व्हायचं. कुल्ला, तोंड, हात, दाढीत ओली बोटं, पाय, की चपला घालून मशिदीत. मी एकदा त्यांना विचारलं, "चाचा, पुरुषांचं वेगळं आणि बायकांचं वेगळं असतं का हो?" ते म्हणाले, "एकच आहे वहिनी. मला दाढी आहे, तिला बांगड्या आहेत, एवढाच फरक." आतून खाला कडाडली, "एवढाच? तुम्ही कधी मशिदीच्या हौदावर चार माणसांत बसून धुता आणि वर गप्पा मारता. मी मोरीचं दार लावलं की इकडं दूध उतू जातं. तुमच्या नखात कधी भाकरीचं पीठ अडकलंय?" तिचं खोटं नव्हतं. बांगड्या वर सरकवून खालची कातडी भिजवायची, लग्नातली अंगठी बोटात रुतलेली, ती फिरवून फिरवून पाणी घालायचं, नाकातली चमकी हलवायची, नखं काडीनं कोरायची. माझ्या नातीनं लाडानं तिच्या करंगळीला नेलपॉलिश लावलं, तर त्याखाली पाणी जात नाही म्हणून ही बाई ब्लेडनं नख खरवडत बसली. नात रडली. मी दोघींना ओरडले.

मी तपासनीस झाले ती एका माशाच्या खवल्यामुळं. सकाळी तिनं बोय मासे साफ केले होते. संध्याकाळी दारात उभी राहून बोलत होती, तर मला तिच्या कोपरावर काहीतरी चमकताना दिसलं. मी म्हटलं, "खाला, खवला चिकटलाय." माझी अक्कल गेली होती म्हणून बोलले. तिचा चेहरा उतरला. खवल्याखाली पाणी लागलं नाही म्हणजे वजू झालं नाही, वजू झालं नाही म्हणजे दुपारपासूनच्या नमाजा वाया. पुन्हा धुतलं, सगळ्या नमाजा पुन्हा केल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ओला हात घेऊन माझ्या दारात. "बाय, बघ गो, कोपर भिजलं काय? माझं मला दिसत नाही." मी भाजी चिरता चिरता मान वर न करता "भिजलं" म्हणायचे. ती म्हणायची, "तू बघितलं नाहीस." मग चष्मा लावून बघावं लागायचं.

एवढं सगळं करून वजू टिकवायचं तरी कसं? ही माणसं कोकणातली. त्यांच्यात असं आहे की वजू झाल्यावर नवराबायकोची कातडी एकमेकांना लागली तर दोघांचंही वजू मोडतं. मध्ये कापड असलं तर चालतं. आता आमच्या खोल्या केवढ्या, मधली बोळ केवढी! अजान झाली की दोघं अंग चोरून, कोपरं पोटाशी घेऊन एकमेकांच्या बाजूनं जायची. आणि चाचा मुलखाचे खट्याळ. खालाचं अर्ध्या तासाचं वजू संपलं, तिनं डोक्यावर ओढणी घेतली, की हळूच मागून येऊन तिच्या मनगटाला एक बोट लावायचे आणि म्हणायचे, "मोडलं." ती अशी शिव्या घालायची की खालच्या मजल्यावर ऐकू जावं. "तुमचं पण मोडलं!" "माझं काय, एक लोटा." मला हा चावटपणा वाटायचा. म्हाताऱ्या माणसांनी शोभेल असं वागावं.

दोन वर्षांपूर्वी चाचांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. कंपनी सुटली होतीच, आता मशीदही सुटली. डावा हात धरला तर चार पावलं चालतात, नाहीतर नाही. हात धरायला घरात एक खालाच. तिच्या जिवाची काय उलघाल! हात धरावा तर वजू मोडतं, सोडावा तर माणूस पडतो. तिनं युक्ती काढली. गॅसवरून भांडं उतरवायचं जाड फडकं हातात घ्यायची आणि त्यानं चाचांचा हात धरायची. एक दिवस चाचा जड जिभेनं म्हणाले, "मी काय गरम पातेलं आहे?" मी हसले. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून बोट लावून "मोडलं" म्हणणंही बंद झालं.

मग व्हायचं ते झालं. दुपार उतरली होती. खाला वजू करून मोरीतून बाहेर आली, तिनं सांडलेलं पाणी बोळीत आलं होतं, आणि चाचा एकटेच उठले. पाय सरकला. त्यांनी डावा हात तिच्याकडं केला. मी माझ्या दारातून बघत होते. खालानं हात पुढं केला, मागं घेतला, खांद्यावर फडकं शोधलं. तेवढ्यात चाचा खाली. मनगटाचं हाड मोडलं, कमरेचं वाचलं. दवाखान्यात ती मला म्हणाली, "बाय, बोल काहीतरी." मी म्हटलं, "काय बोलू? हात आधी धरायचा, धुवायचं नंतर." ती म्हणाली, "आमच्यात पण तेच सांगतात. पडत्या माणसाला धरावं. वहम माझा आहे, संशय माझा." मी तसं बोलायला नको होतं.

प्लास्टर निघालं, पण चाचा तिचा हात धरेनात. भिंत धरायचे. खालानं फडकं फेकून दिलं, उघडा हात पुढं केला, तर म्हणायचे, "तुझं वजू आहे. राहू दे." रागानं नाही, अगदी शांतपणे, म्हणून जास्त लागायचं. ती तीनदाच पाणी घालू लागली. मोरी कोरडी पुसू लागली. कोपर दाखवायला यायची बंद झाली. ते भिंतीला घासत चालले की ही श्वास धरून बघत राहायची, आणि समोरून मीही. भिंतीवर त्यांच्या हाताचा काळपट पट्टा उमटला आहे. तो जिथं संपतो तिथून गॅलरीपर्यंत दोन पावलं धरायला काही नाही, म्हणून ते गॅलरीत जाईनासे झाले.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडं लिंबू मागायला गेले होते. असरची, म्हणजे दिवस कलतानाची अजान झालेली. तिचं वजू झालं होतं, ओढणी घेतलेली, नमाजाची चटई उलगडत होती. चाचा भिंतीचा पट्टा संपतो तिथं येऊन थांबले. गॅलरीकडं बघितलं. मग भिंत सोडली. मला वाटलं, पडले आता. त्यांचा हात हलत हलत आला आणि एक बोट तिच्या मनगटावर टेकलं.

"मोडलं," ते म्हणाले.

खालानं चटई बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मुडदा बशिवला तुमचा, आत्ता तर केलं होतं!" आवाज नेहमीचा नव्हता. "आता मोडलंच आहे, तर धरा नीट. चला गॅलरीत."

दोन पावलं त्यांनी किती वेळ लावून टाकली. मी लिंबू न घेताच परत आले आणि बादली भरून तिच्या दाराशी ठेवली.

आता रोजचंच झालंय. दिवस कलला की समोरून आधी "मोडलं" ऐकू येतं, मग शिव्या, मग नळ. मी त्या वेळेला टीव्ही बंद करते. आणि एखाद्या दिवशी अजान होऊन गेली तरी समोर सगळं गप्प असलं, तर हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहते.