मामींसाठी हौद

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि हा माणूस राहतो कुठे, तर नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या कॉलनीत. त्यांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार, पोहता येणारे आणि बाकीचे. मी बाकीच्यांत. मी मुलगी बघायला नेकनूरला गेलो तेव्हा पगार, शेती, सुपारीचं व्यसन वगैरे चौकशा इतरांनी केल्या. मामांनी कोपऱ्यातून एवढंच विचारलं, "पवता येतं का?" मी नाही म्हणालो. "मग बघा बाबा तुमचं तुमी," म्हणून ते अडकित्त्याने सुपारी कातरायला लागले. लग्न झालं, पण आजही माझी ओळख करून देताना ते एका दमात सांगतात, "हे आमचे जावई, पवता येत न्हाई."

मामांनी तलाठी म्हणून उभी हयात काढली. सातबाऱ्यावरची पिकं ते विसरले, विहिरी मात्र एकूण एक ध्यानात राहिल्या. माणूस भेटला की ते त्याला नावाने नाही, विहिरीने ओळखतात. "दिंद्रुडचे का? मग तुमच्या चिंचंखालच्या हिरीत चार परस पाणी आसायचं." हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. एकदा मयतीच्या घरी भेटायला गेले आणि अर्धा तास त्या घरच्या विहिरीवरच बोलले. मी शरमेने मान खाली घालून बसलो होतो. निघताना मयताचा मुलगा दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मामा, लई बरं वाटलं."

निवृत्तीनंतर ते आमच्याच गल्लीत राहायला आले आणि कॉलनीच्या बागेत सकाळी पोहण्याचा वर्ग सुरू झाला. पाण्याशिवाय. सिमेंटच्या बाकावर एकेकाला पालथं झोपवायचं आणि हातपाय मारायला लावायचे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ जोशात येऊन बाकावरून घसरले आणि पुढचा दात गमावून बसले. "पाण्यात आसता तर लागलं नसतं," मामा शांतपणे म्हणाले, आणि त्याच दुपारी बागेत पोहण्याचा तलाव व्हावा म्हणून त्यांनी नगरपालिकेला अर्ज लिहायला घेतला.

अर्जात तरुण पिढी, व्यायाम, आरोग्य अशी भारदस्त कारणं होती. खरं कारण मामी होत्या. नव्या नवरीपणी विहिरीवर धुणं धुताना त्यांनी "मलाबी शिकवा की" म्हटलं होतं आणि मामा भावकीदेखत खो खो हसले होते. आता मामींचे दोन्ही गुडघे गेले, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, आणि ते जुनं हसणं मामांना टोचायला लागलं. "चाळीस वर्सं ती काठावरच बसली, जावईबापू," ते मला म्हणाले. "तिला पाण्यात उतरवल्याबिगर मला मरायचं न्हाई." एरवी मी त्यांची चेष्टा करतो, पण त्या दिवशी गुपचूप सह्या गोळा करायला निघालो.

मारुतीच्या सभामंडपात बैठक भरली. बागेसमोर राहणारे निवृत्त हेडमास्तर विरोधाला उभे राहिले. "घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा! प्यायला पाणी नाही आणि यांना डुंबायचंय." टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मामा उठले. बागेच्या कोपऱ्यात जाळीखाली एक जुनी विहीर आहे, तिचं पाणी मचूळ म्हणून कुणी तोंडाला लावत नाही, त्याच पाण्याचा हौद करू आणि नंतर ते झाडांना सोडू, असं त्यांनी मांडलं. "मचूळ पाणी पिता येत न्हाई, पर त्यात पडाया काय हरकत हाय?" हेडमास्तर म्हणाले, ती विहीर केव्हाच आटली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोटार लावा, पाणी टिकलं तर पहिली सही माझी."

जाळी काढली, कचरा उपसला, मोटार बसवली. हेडमास्तर छत्री आणि खुर्ची घेऊन परीक्षकासारखे येऊन बसले. पण एक गोष्ट दोन्ही पक्ष विसरले होते. आमच्या कॉलनीत पाणी वाहतानाचा आवाज झाला आणि माणूस घरात बसून राहिला, असं आजवर घडलेलं नाही. पंधरा मिनिटांत ड्रम, घागरी, टब, लहान बाळाच्या आंघोळीची परात, सगळं बागेत हजर. मचूळ तर मचूळ, धुण्याभांड्याला कोण सोडतो? रांगेत सगळ्यात पुढे हेडमास्तरांच्या बाई, तीन ड्रम घेऊन. मास्तर खुर्चीवरून पुटपुटायला लागले तसा त्यांनी नवऱ्याच्या हातात पाइपच दिला. "इरोध मागून करा, आदी हे धरा!" धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले हेडमास्तर दिवस मावळेपर्यंत कॉलनीचे ड्रम भरत होते. संध्याकाळी मामांनी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. अख्खी कॉलनी भरूनही पाणी एकच परस उतरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेही भरून आलं. पहिली सही हेडमास्तरांची झाली. मामांना लोकांनी खांद्यावर घेतलं. ते वरूनही हात मारून दाखवत होते.

मंजुऱ्यांत दोन वर्षं गेली, पण हौद झाला. पहिल्या आठवड्यात दुपारी बायकांच्या वेळेला मामी पंजाबी ड्रेस घालून, लाजत, सुनेचा हात धरून आत गेल्या. मामा बाहेर. बायकांच्या वेळेत आत एकही पुरुष नको, नाहीतर आपल्याकडच्या बायका यायच्या नाहीत, हा नियम मामांनीच भांडून लिहून घेतला होता. मग ते भिंतीला तोंड लावून ओरडत राहिले, "भिऊ नगं! पाय मार! मान सैल सोड!" वॉचमनने दोनदा हटकलं.

तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "आहो, गप ऱ्हावा की! तरंगायले मी!"

मामा गप्प झाले. आत बायका हसत होत्या, पाणी वाजत होतं. भिंत काही फार उंच नव्हती. टाचा उंचावल्या असत्या तर दिसलं असतं. मामांनी टाचा उंचावल्या नाहीत. भिंतीवर तळहात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "कशी दिसत आसंल हो ती?"