पैकीच्या पैकी गुणांचा संशय

ई-मेल गटातल्या मंडळींनो, बारामतीत शिकाऊ चालकांसाठी मी व्हर्च्युअल रिॲलिटीचा गेम बनवतेय. डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र चढवून गाडी चालवायची.

पणदऱ्याच्या सुनंदाताई दुधाचा टेम्पो चालवायला शिकतायत. गेममध्ये त्यांना रोज पैकीच्या पैकी गुण मिळतात, म्हणून मला संशय आला. आज नीट पाहिलं, तर वळणावरची शेळी दिसायच्या आधीच त्या ब्रेक दाबत होत्या.

"आधीच कसं कळलं, ताई?"

"पाठ झालंय की. रोज तितंच येती ती."

मी गुपचूप शेळीची जागा बदलली. ताईंनी तिला थेट उडवलं. यंत्र काढून त्यांनी मलाच विचारलं,

"माणूस असतं तर, मॅडम?"

उद्या त्यांची लायसन्सची परीक्षा आहे, तीही दर वेळी तीच वळणं असलेल्या मैदानावर. त्या पास होतील. त्यांना थांबा म्हणू का?