थोरल्या साडूंची एकुलती एक चूक

आमचे थोरले साडू आयुष्यात कधीही चुकलेले नाहीत. हे माझं मत नाही, त्यांचं आहे. पण भाईंदर पूर्वेच्या त्यांच्या इमारतीतल्या प्रत्येकाने, वाद घालून घालून घसा बसल्यावर, ते कधी ना कधी मान्य केलेलं आहे. केबिन रोडवरून ते एकदा पिकलेली म्हणून पपई घेऊन आले. कापली तर आत पांढरीफटक. साडूंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "भाजीसाठीच आणलीय." मग ती भाजी त्यांनी दोन्ही वेळा वाढून घेऊन खाल्ली आणि पुढच्या आठवड्यात तसलीच कच्ची पपई मुद्दाम शोधून आणली, कारण एकदाच आणली असती तर लोकांना शंका आली असती. काशीगावातल्या एका लग्नाला आम्ही त्यांच्या जीपमधून निघालो आणि उत्तनला पोचलो. समोर समुद्र दिसतोय, असं मी भीतभीत सुचवून पाहिलं. दिसणारच, म्हणाले. तिथे चर्चबाहेर एक वेगळंच लग्न नुकतं लागलं होतं. साडूंनी अनोळखी नवऱ्यामुलाशी हात मिळवला, माझ्या खिशातलं आहेराचं पाकीट काढून त्याला दिलं, आम्हा सगळ्यांना केक खायला लावला आणि परतताना वाटभर पत्रिका छापणाऱ्याला नावं ठेवली.

ही जीप पेट्रोलवर चालायची आणि वयाने त्यांच्या मुलापेक्षा मोठी होती. निवृत्तीनंतर साडूंचा अख्खा दिवस तिच्यावर जायचा. सकाळी तिला पुसायचं, दुपारी तिच्यात बसून पेपर वाचायचा, संध्याकाळी तिच्याबद्दल बोलायचं. ती नसती तर हा माणूस दिवसभर घरात बसून ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, पोळ्या कशा लाटाव्यात ते शिकवत बसला असता. त्यामुळे जीप धूर ओकू लागली तेव्हा साडूंनी इंजिन स्वतः उघडून पुन्हा बांधायचं ठरवलं, आणि आम्ही सगळे गप्प बसलो.

इंजिन उघडलं पार्किंगमध्ये, पण मुक्कामाला आलं घरात. पिस्टन ताईंच्या परातीत, क्रँकशाफ्ट टॉवेल गुंडाळून सोफ्यावर. पाहुणे जमिनीवर बसायचे. सिलिंडर घासून आणायला आम्ही काशीगावच्या एका मेस्त्रीकडे गेलो, तर साडू त्याच्या मागे उभं राहून त्याला त्याचंच काम समजावून सांगू लागले. त्या सज्जन माणसाने थोड्या वेळाने कानात कापूस घातला. घरी मुलगा वैतागला होता. त्याला नवी गाडी घ्यायची होती आणि पार्किंगची जागा एकच. अख्खी इमारत हसत होती, पण ताई कोणाला हसू देत नव्हत्या. "होईल हो सुरू. यांनी बांधलंय ना," एवढंच म्हणायच्या आणि परात घासायला घ्यायच्या.

आणि खरंच झालं सुरू. आवाज असा गोड की वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलरीत आले. साडू स्वतःचाच सत्कार असल्यासारखे वर बघून हात हलवत होते. फक्त एक भानगड होती. जीप थोडा वेळ झकास पळायची, मग दोनदा खोकायची आणि बंद. चहा पिऊन येईपर्यंत उभी ठेवली की पुन्हा झकास सुरू.

मग साडूंनी तपासणी आरंभली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ते तासन् तास उभे राहत. प्लग बदलले, कॉइल बदलली, गाडीतला पेट्रोल पंप उघडून मिटून त्याला जीव नकोसा केला. स्वतःच्या कामात खोट सापडेना, म्हणजे ती दुसऱ्या कोणाची तरी असणार हे उघड होतं. पेट्रोलवर संशय घेऊन झाला, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यावर झाला, शेवटी पाळी माझ्यावर आली. मी बसलो की ती बंद पडते, असा शोध त्यांनी लावला. तेव्हापासून मला जीपमध्ये बंदी होती. तरीही ती बंद पडत राहिली, तर ते आधीच्या वजनाचे परिणाम ठरले.

इथवर सगळी मजाच होती. पण एका रविवारी काशिमीऱ्याला हायवेवर, मधल्याच लेनमध्ये, जीप खोकली आणि थांबली. मागे ताई, त्यांच्या मांडीवर नातू. पाठचा कंटेनर ब्रेक दाबत दाबत अगदी टेकायचा राहिला. कोणाला काही झालं नाही, पण ताईंनी संध्याकाळपर्यंत नातवाला मांडीवरून उतरू दिलं नाही. मुलगा ओरडला नाही, हे जास्त वाईट होतं. "बाबा, बिघाड तुमच्या हातचा निघाला तर जीप भंगारात," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा निघाला तर राहू दे तिला. मी माझी गाडी बाहेर रस्त्यावर लावेन." साडूंनी इतक्या आनंदाने हात पुढे केला की मला मुलाचीच दया आली.

दुसऱ्या दिवशी माझ्यावरची बंदी उठवून ते मला उत्तनच्या रस्त्याला घेऊन गेले. ठरल्याप्रमाणे जीप बंद पडली. पेट्रोल किती उरलंय ते बघायला साडूंनी टाकीचं झाकण फिरवलं आणि टाकीने फुस्स करून मोठा श्वास घेतला. जीप लगेच सुरू झाली. साडू झाकण उलटसुलट करून बघत राहिले. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत हवा शिरावी म्हणून त्या झाकणाला बारीक भोक असतं. ते जवळजवळ पार बुजलं होतं, त्यामुळे हवा कमी पडून पेट्रोल अडायचं आणि उभी ठेवली की हवा हळूहळू झिरपायची. त्यांनी नखाने खरवडलं तर लाल भुगा निघाला.

कुंकू. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी ताईंनी तेलात कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं आणि उरलेलं सगळं प्रेमाने या झाकणावर थापलं होतं, गाडी इथूनच जेवते म्हणून.

"म्हणजे तुमच्या इंजिनात काहीच खोट नव्हती," मी म्हटलं.

"ते मी पहिल्यापासून सांगतोय," साडू म्हणाले. पण नेहमीचा तोरा नव्हता. खिशातून पिन काढून ते भोक साफ करत राहिले. मग म्हणाले, "घरी बोलायचं नाही. पोरगं मांडीवर होतं तिच्या. आपल्या कुंकवाने झालं हे कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला खात बसेल."

धूळ अडकली होती म्हणून सांगा, मी सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "झाकणाचं नाव काढलं की तिला आठवेल. ती काय वेडी आहे? मेस्त्रीवर ढकललं तर पोरगा जाऊन त्याच्याशी भांडेल."

"मग जीप जाईल."

"जाईल," ते म्हणाले आणि झाकण घट्ट लावलं.

पार्किंगमध्ये मुलगा वाट बघत होता, ताई गॅलरीत होत्या. साडूंनी वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कार्बोरेटर मी चुकीचा बसवला होता. चूक माझी." शेजारी स्कूटर पुसणाऱ्या माणसाने फडकं खाली ठेवलं. मुलगा भांडायची सगळी तयारी करून आला होता बिचारा. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलोय, अजूनही करतो. पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी उगाच टायरची हवा बघायला वाकलो.

न्यायला आलेल्या भंगारवाल्याने किल्ली फिरवली. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो कान देऊन ऐकत राहिला. "अंकल, इंजन तो एकदम मक्खन है. किसने बनाया?"

हे वाक्य ऐकायला साडूंनी किती दिवस काढले होते ते मला ठाऊक होतं. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या ताईंकडे एकदा बघितलं. "मैंने," ते म्हणाले. "लेकिन उसमें गलती है."

जीप गेटबाहेर वळली. तिचा आवाज वाहतुकीत मिसळेपर्यंत साडू तिथेच उभे होते. ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे हो," त्या म्हणाल्या. "माणसाच्या हातून होतं असं कधीतरी."

"होतं," साडू म्हणाले.