गोमूत्राचा पाऊस

"हात लावलास? कुणाला विचारून लावलास?"

कारकून ओरडला. माझ्या हातात काचेचा पेला होता, आणि तो काढून घ्यायला कुणी पुढे येईना. येणार कसे? तो मी धरला होता ना. "खाली ठेव," तो म्हणाला. मी ठेवला. मग सगळा वर्ग त्या पेल्याकडे असा बघत उभा राहिला, जसा काही मी त्यात थुंकलो होतो.

नंदुरबारच्या मामलेदार कचेरीचं आवार होतं. इंग्रजाचं राज्य, पावसाळा अर्धा सरलेला. आवाराच्या मधोमध तारेचं कुंपण आणि आत पाऊस मोजायचं यंत्र. जस्ताचं नळकांडं, वर नरसाळं, पोटात बाटली. बाटलीत साठलेलं पाणी रोज सकाळी रेघांच्या पेल्यात ओतायचं, वाचायचं, लिहायचं. आमचे सायन्सचे मास्तर वर्गाला ते दाखवायला घेऊन आले होते. एकेक मुलगा कुंपणात जायचा, पेला डोळ्यासमोर धरायचा, आकडा सांगायचा. माझी पाळी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "तू बाहेरून बघ. दिसतंय ना तुला?"

दिसत होतं. लहानपणापासून बाहेरूनच दिसत होतं. माझा बाप त्याच आवारात झाडू मारायचा, पण कुंपणाच्या बाहेर. आतलं गवत काढायला माळी यायचा, कारण आत पाणी होतं. पाणी म्हटलं की आम्ही महार लांब. विहीर लांब, रांजण लांब. त्याची सवय झाली होती, सवय लावली होती. पण हे तर आभाळातलं पाणी. आमच्या झोपड्यांवरही तेच पडायचं, छपरातून गळून आमच्या भाकरीवर पडायचं, तेव्हा त्याला कसला विटाळ नसायचा. सरकारी बाटलीत पडलं रे पडलं की ते सोवळं नेसायचं.

मला हेच शिकायचं होतं. पाऊस कुठून येतो, कुठे किती पडतो, कुठे का पडत नाही. मास्तरांनीच एकदा सांगितलं होतं की पुण्याला एक कचेरी आहे, गावोगावचे असे आकडे तिथे जातात आणि त्यावरून हवेचा नकाशा काढतात. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. रॉकेलचा डबा कापून मी नरसाळं केलं, बाटलीवर बसवलं आणि छपरावर ठेवलं. आई व्यापाऱ्याच्या वखारीत मिरच्यांची देठं खुडून यायची, हातांची आग आग होत असायची. माझं ते यंत्र बघून म्हणायची, "पानी मोजीसन पोट भरस का रे?"

बापाचं निराळंच. कारकुनाने त्याला शब्द दिला होता. दिवाळीनंतर पोराला शाळेतून काढ, मी त्याला बाहेरचा पट्टेवाला करतो, टपाल पोचवेल. पट्टा! आमच्या वस्तीत कुणाच्या छातीवर पट्टा नव्हता. बाप बहुतेक झोपेतही त्या पितळेच्या बिल्ल्याला चिंच लावून घासत असेल. मी पुण्याचं नाव काढलं की तो उठून बाहेर जायचा.

तर त्या दिवशी मी कुंपणात गेलो. ठरवून नाही, पाय गेले. पेला उचलला, डोळ्यासमोर धरला, पाण्याची कड बघितली आणि आकडा मोठ्याने म्हटला. एवढंच माझं पाप.

कारकुनाने गोमूत्र मागवलं. आधी सवयीने बापाला हाक मारली, मग स्वतःच जीभ चावली. महाराच्या हातचं गोमूत्र कसं चालेल? मेलेली गाय ओढायला आम्ही. जित्या गाईचं मूत मात्र त्यांच्याच पोरांनी आणायचं. माझ्या वर्गातला एक जण पळत गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. फार मोठं काम केल्यासारखा त्याचा चेहरा होता.

पेल्यावर शिंपडलं. तारेवर शिंपडलं. मग कारकुनाने तांब्या नरसाळ्यावर उपडा केला आणि काहीतरी पुटपुटत सगळं ओतलं. ते गुडगुडत बाटलीत उतरताना ऐकू येत होतं.

"अहो, आत जातंय ते!" मी ओरडलो.

मास्तर माझ्या शेजारी होते. त्यांनाही दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. बाप धावत आला, माझ्या मुस्काटात मारली आणि कारकुनापुढे हात जोडले. "मायबाप, पोऱ्या शे, चुकना." माराचं मला काही वाटलं नाही. त्या जोडलेल्या हातांची शिसारी आली. मला माझ्या बापाच्याच हातांची शिसारी यावी अशी सोय या लोकांनी करून ठेवली होती. ते आठवलं की आजही तोंड कडू होतं.

कारकून बापाला म्हणाला, "उद्या सकाळी घेऊन ये याला. कुंपणासमोर नाक घासायचं आणि पुन्हा शिवणार नाही म्हणायचं. मग पट्ट्याचं बघू. नाहीतर तुझा झाडूही ठेवून जा."

घरी आईने सकाळी माझ्या डोक्याला तेल लावलं. "नाक घसं तं काय झिजी जाई का?" म्हणाली. तिखटाच्या हाताने माझं तोंड पुसलं. डोळे चुरचुरायला लागले.

कचेरीत गेलो तेव्हा कारकून पाऊसच मोजत होता. आदल्या दुपारी दोन-चार सरी येऊन गेल्या होत्या. त्याने बाटली पेल्यात ओतली. पिवळं पाणी. वर फेस. वास कुंपणाबाहेर माझ्यापर्यंत आला. कारकुनानेही नाक मुरडलं, म्हणजे त्याला कळलं होतं. अडाणी असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. त्याने हात लांब करून पेला धरला, आकडा वाचला आणि लिहिला. एवढा पाऊस.

मी म्हणालो, "अण्णासाहेब, त्यात गोमूत्र आहे."

"म्हणूनच शुद्ध आहे," तो म्हणाला. "तू नाक घास."

खरं लिहायचं तर का ओतलं तेही त्याला लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा मूत पावसात जमा. पुण्याच्या नकाशावर नंदुरबारच्या ठिपक्यापाशी ते जाऊन बसणार होतं आणि तिथले शिकलेले लोक त्याचा अभ्यास करणार होते. माझी बोटं लागली तर पाऊस विटाळतो. यांनी गाईचं मूत ओतलं तर तो सरकारी आकडा होतो. आणि याच माणसापुढे नाक घासून मला पट्टा मिळवायचा होता. म्हणजे दिवाळीनंतर याचे असले आकडे पिशवीत घालून तारऑफिसात पोचवायला मीच जायचं.

बाप मागून कोपराने ढोसत होता. "घस रे, घस. पट्टा भेटी. मन्हा झाडू ऱ्हाई."

मी वाकलो. खोटं कशाला सांगू, गुडघे टेकले. नाक मातीजवळ नेलं. ओल्या मातीचा वास यायचा, तर तिथेही मुताचाच वास होता, कालच्या शिंपडण्याचा. मला ओकारी आली. मी तिथेच ओकलो, तोंड पुसलं आणि उभा राहिलो.

"नाही घासणार."

"काय म्हणालास?"

"नाक घासणार नाही. पाणी मी नुसतं बघितलं. घाण तुम्ही केलीत."

बापाचा झाडू त्याच दिवशी गेला. तो स्टेशनवर पोती उचलायला लागला आणि माझ्याशी बोलायचा बंद झाला. मास्तर शाळेमागे गाठून हळूच म्हणाले, "थोडं वाकायला काय झालं होतं रे? मी पुण्याला तुझ्यासाठी शब्द टाकला असता." मी विचारलं, "तुम्ही चष्मा कशाला पुसत होतात?" ते निघून गेले. चांगला माणूस म्हणायचे गावात त्यांना. असल्या चांगल्या माणसांची मला कारकुनाहून जास्त किळस येते.

एका संध्याकाळी बापाने माझं छपरावरचं यंत्र खाली ओढलं आणि डब्याला लाथ घातली. बाटली फुटली. आई म्हणाली, "आते तरी सोड." मी डबा दगडाने ठोकून सरळ केला, वस्तीतून दुसरी बाटली मागून आणली आणि तो परत वर ठेवला. बाप खाली उभा राहून बघत होता.

त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणालो, "दिवाळीनंतर मी शाळेतच जाणार. मग पुण्याला. पट्टा नको मला. त्या यंत्राला हात लावीन तो कुणाची परवानगी मागून नाही. आणि पेल्यात जे असेल तेच लिहीन. पाऊस असेल तर पाऊस. मूत असेल तर मूत."