निळ्या चपला आणि सरदारपुरचा कोंबडा

माझ्याच परसात मला माझ्या चपला घालून जायची मनाई होती.

देवासमधलं घर माझ्या नावावर, टॅक्स मी भरणार, आणि दाराशी ठेवलेल्या दोन नंबर लहान निळ्या रबरी चपलांत पाय कोंबून, चुना तुडवत आत शिरणार. लोकशाहीत हे चालतं?

हुकूम आक्कासाहेबांचा. माझ्या आत्या. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

"रोग पायांनी येतो. तू गावभर हिंडतोस, माझ्या कोंबड्या नाही हिंडत."

त्या गेल्या त्याच्या आधीच्या हिवाळ्यात सरदारपुरहून दाजी, माझ्या ताईचे यजमान, आले. काखेत आदल्या दिवशी हाटातून घेतलेला काळाकुळकुळीत कडकनाथ. आमच्यात पाहुण्याने आणलेला कोंबडा त्याच्यादेखत आपल्या कोंबड्यांत सोडतात. मान असतो तो.

आक्कासाहेबांनी तो बाहेरच्या बाथरूममध्ये कोंडला.

"हमारे मुर्गे को जेल, आक्कासाहेब?"

"जावईबापू, तुम्ही सोफ्यावर बसा. तो तिथे बसेल."

दाजी न जेवता निघाले. गेटपाशी मला म्हणाले, "भिया, ये ठीक नहीं हुआ."

आठवड्याच्या आत कोंबड्याची मान वाकडी झाली. डॉक्टर म्हणाले, मानमोडी, झपाट्याने पसरते. मेला. चुना घालून खोल पुरला.

मग आक्कासाहेब खुराड्याबाहेर स्टूल टाकून नुसत्या ऐकत बसायच्या. श्वास रोखून.

"लस दिलीय ना?" मी.

"मी दिली. लागली की नाही, ते त्या सांगतील. कोण शिंकलं?"

"मी, आक्कासाहेब."

"तू बाहेर हो."

दाजींना फोनही केला. "तो रात्रभर तुमच्या कोंबड्यांत होता ना? आजारी दिसेल ती वेगळी काढा. कुणाला देऊ नका, विकू नका."

"अब मेरे घर में भी बीमारी निकाल दी!" फोन कट.

आमच्या वाचल्या.

त्यांच्या सगळ्या गेल्या. हे ताईकडून कळलं. दाजींनी लाजेने फोन केला नाही. आक्कासाहेब शेवटपर्यंत विचारत होत्या, "जावईबापूंचा फोन?"

दहाव्यालाही ते आले नाहीत.

आज सकाळी श्राद्ध आटोपलं आणि आक्कासाहेबांच्या खुराड्यातला एक कोंबडा, दोन कोंबड्या टोपलीत घालून मी सरदारपूर गाठलं. कोंबड्याची परतभेट राहिली होती.

दाजींनी टोपली घेतली. थेट बाथरूममध्ये नेऊन ठेवली, बाहेरून कडी लावली.

मी परसातल्या नव्या कोंबड्या बघायला वळलो, तर मागून आवाज आला.

"भिया, पहले चप्पल बदलो."

दाराशी चुना होता. चपला निळ्याच. मला लहानच.

आक्कासाहेब, तुम्ही वाट बघत होतात तो जावईबापूंचा निरोप पोहोचवतोय: पहले चप्पल बदलो. आपल्याकडे सगळ्या ठीक आहेत.

नमस्कार.