पिठावरची मुंग्यांची रांग

मंडळी, आमचे वडील मधुमेहानं गेले, हे तुम्हाला माहीत आहेच. ते गेले त्या जागी काल रात्री पीठ पसरून टोपली पालथी घातली होती. पिठावर उमटलेल्या खुणांवरून गेलेला माणूस कोणत्या रूपात आला ते कळतं, असं आमच्याकडे मानतात.

आज सकाळी आत्यानं टोपली उचलली. पिठावरून मुंग्यांची रांग चालली होती.

"मुंगी होऊन आलाय रं माझा दादा!" आत्या रडायला लागली.

रांग भिंतीकडेनं थेट मोरीत गेली होती. वडिलांच्या लघवीला तिथंच मुंग्या लागायच्या. पण आज पहाटे मोरीत लघवीला मी गेलो होतो.

मी सरकारी दवाखान्यात निघालो.

"सुतकात कुठं चाललास? लोकं काय म्हनतील?" आत्या ओरडली.

डॉक्टरांनी माझी लघवी निळ्या औषधात तापवली. रंग हिरवट झाला.

"लघवीत साखर आहे, मधुमेहाची सुरुवात आहे. गूळ-साखर सोडा, रोज चाला, दर महिन्याला तपासून जा. आत्ताच आवरलंत तर आवरेल."

संध्याकाळी मी बिनसाखरेचा चहा घेतला. माझ्या वाटची साखर आत्यानं त्या पिठाशेजारी ठेवली.

"त्याला तरी खाऊ दे," ती म्हणाली.

हे लिहितोय तेव्हा साखर मुंग्यांनी काळी झाली आहे. मला तिकडे बघवत नाही.

तुमच्याही घरी कोणी मधुमेहानं गेलं असेल, तर तुम्ही स्वतःची तपासणी केलीत का?